स्वातंत्र्याच्या स्मारकांचें व्याकरण

विजयाचें स्मारक उभारणें फारसें अवघड नाहीं. जिंकणारा सेनापति असतो, त्याचा घोडा असतो, हातांत तलवार असते. शिल्पकारानें या तीन वस्तु नीट जुळविल्या म्हणजे काम झालें. विद्वानाचें स्मारक त्याहूनही सोपें : एक खुर्ची, एक ग्रंथ आणि कपाळावर विचाराची एक आंठी. परंतु ज्या दिवशीं एखाद्या समाजानें घटकाभर कां होईना मान ताठ केली, त्या दिवसाचें स्मारक करावयाचें झालें तर दगडाला आकार कोणता द्यावा? स्वातंत्र्याला चेहरा नाहीं. तें एका माणसाचें नसतें, आणि पुष्कळदां तें फार वेळ टिकलेलेंही नसतें. दगड तर टिकण्यासाठींच असतो. क्षणाची आणि शिळेची ही सांगड कशी घालावी, हा प्रश्न अनेक देशांपुढें आला. पण रशियाइतक्या वेळां आणि इतक्या कठोरपणें तो क्वचितच कोणापुढें आला असेल. त्या देशांत स्मारकें जितकीं उभारलीं गेलीं, जवळजवळ तितक्याच उत्साहानें तीं पाडलीं गेलीं.

व्याकरण शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला अशा प्रश्नांतही व्याकरणच दिसावें हें स्वाभाविक आहे. कर्ता कोणास म्हणावें हें सांगतांना पाणिनीनें जो एक शब्द योजिला आहे, तो 'स्वतंत्र' हा होय. क्रियेमध्यें जो दुसऱ्याच्या तंत्रानें चालत नाहीं, तो कर्ता. आतां 'राजानें शेतकऱ्यांस मुक्त केलें' हें वाक्य घ्या. यांत कर्ता राजा. शेतकरी बिचारे कर्म. 'शेतकरी मुक्त झाले' असें म्हटलें कीं तेच शेतकरी कर्ते होतात. घटना एकच, वाक्य बदललें म्हणजे ती कोणाची हें मात्र बदलतें. स्मारक हेंही एक वाक्यच आहे, फक्त तें दगडांत किंवा धातूंत लिहिलेलें असतें. म्हणून स्वातंत्र्याच्या कोणत्याही स्मारकापुढें उभें राहिल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं या वाक्याचा कर्ता कोण? रशियांतील कांहीं स्मारकांस हा प्रश्न विचारून पाहिला असतां जीं उत्तरें मिळतात, तीं वाचकांपुढें ठेवावीं असा या लेखाचा हेतु आहे.

तारखांविषयीं एक खुलासा आधींच केलेला बरा. रशियांत १९१८ पर्यंत जुनी दिनगणना चालू होती. ती युरोपांतील इतर देशांच्या मागें एकोणिसाव्या शतकांत बारा व विसाव्या शतकांत तेरा दिवस असे. त्या काळच्या रशियन तारखा येथें जुन्या गणनेप्रमाणेंच दिल्या आहेत.

नोव्हगोरोडची घंटा

उत्तर रशियांतील नोव्हगोरोड हें मध्ययुगांत व्यापारावर गबर झालेलें नगर होतें. तेथें राजपुत्र असे, पण तो नागरिकांच्या मर्जीनें असे. ११३६ सालीं नागरिकांनीं आपल्या राजपुत्रास नगरांतून घालवून दिलें, आणि तेव्हांपासून राजपुत्राशीं करार करून त्याला ठेवून घेण्याचा प्रघात पडला. नागरिकांच्या सभेला 'वेचे' म्हणत. ती भरवावयाची म्हणजे एक मोठी घंटा वाजवीत. १४७८ सालीं मॉस्कोचा अधिपति तिसरा इव्हान यानें नोव्हगोरोड आपल्या राज्यास जोडलें, सभा बंद केली, आणि ती घंटा उतरवून मॉस्कोस नेली. जेते सोनें नेतात, घोडे नेतात, हें आपण इतिहासांत वाचतों. यानें घंटाही नेली. कारण लोकांस कर्तेपण देणारी वस्तु कोणती, हें त्याला बरोबर कळलें होतें. मॉस्कोला विरोध करणाऱ्या पक्षाची पुढारी मार्फा बोरेत्स्काया नांवाची एक विधवा होती. तिलाही पकडून नेण्यांत आलें.

घंटा मॉस्कोस पोंचून तेथील घंटांमध्यें टांगली गेली, असें बखरी सांगतात. लोककथा निराळें सांगते. वाल्दाईच्या टेंकड्यांवरून नेत असतां घंटा गडगडत खालीं गेली, फुटली, आणि तिच्या तुकड्यांच्या असंख्य लहान घंटा झाल्या, असें लोक म्हणतात. गाडीच्या घोड्यांस बांधावयाच्या घंटांसाठीं वाल्दाई पुढें खरोखरच प्रसिद्धीस आलें.

या नगरांत १८६२ सालीं रशियन राज्याच्या सहस्र वर्षांचें एक भव्य स्मारक उभें राहिलें. मिकेशिन या कलावंताच्या आराखड्याप्रमाणें झालेल्या या स्मारकाचा एकंदर घाट घंटेसारखा आहे, आणि त्यावर १२९ आकृति आहेत. तिसरा इव्हान वरच्या बाजूस सन्मानानें उभा आहे. ज्यानें १५७० सालीं या नगरांत भयंकर कत्तल केली, त्या चौथ्या इव्हानास मात्र येथें जागा मिळालेली नाहीं. आणि खालच्या पट्टींत वीरांच्या रांगेंत मार्फा आहे. तिची मान खालीं झुकलेली असून पायांशीं फुटकी घंटा पडलेली आहे. राज्यानें राज्याच्या गौरवासाठीं उभारलेलें हें स्मारक. त्याच्या मोठ्या वाक्याचा कर्ता राज्यच. पण त्याच धातूवर, बारीक अक्षरांत, दुसरें एक वाक्य लिहिलें गेलें, आणि तें खोडण्याची इच्छा पुढें कोणास झाली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं हें स्मारक नेण्यासाठीं त्याचे भाग सुटे केले होते. नगर सुटल्यावर १९४४ च्या नोव्हेंबरांत तें पुन्हां उभें केलें गेलें, तेव्हां घंटाही आपल्या जागीं परत आली.

उभे राहिले कोठें, स्तंभ कोठें

१४ डिसेंबर १८२५ या दिवशीं पीटर्सबर्गच्या सेनेट चौकांत सुमारें तीन हजार सैनिक आपल्या अधिकाऱ्यांसह येऊन उभे राहिले. नवा बादशहा पहिला निकोलस याच्या निष्ठेची शपथ घेण्याचें त्यांनीं नाकारलें होतें. राज्याला घटना असावी आणि शेतकऱ्यांची दास्यपद्धति नाहींशी व्हावी, असें त्या अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें. कडाक्याच्या थंडींत ते दिवसभर उभे होते. संध्याकाळीं तोफा सुरू झाल्या आणि सर्व संपलें. पांच जणांस १३ जुलै १८२६ रोजीं फांशीं देण्यांत आलें. शंभरांवर लोकांस सैबेरियांत धाडलें. इतिहासांत यांना डिसेंबरवाले म्हणतात.

ज्या चौकांत ते उभे राहिले, तेथें त्यांच्या आधींपासूनच एक प्रसिद्ध स्मारक होतें. फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराचा पीटर बादशहाचा अश्वारूढ पुतळा. तो १७८२ पासून तेथें आहे आणि आजही चौकाचा मालक तोच आहे. १९२५ सालीं, शंभर वर्षें भरलीं तेव्हां, चौकास डिसेंबरवाल्यांचें नांव देण्यांत आलें; २००८ सालीं तें काढून जुनें नांव परत आलें. त्यांच्यासाठीं दगडी स्तंभ आहे, तो १९७५ सालीं उभारला गेला. पण तो आहे नदीपलीकडे, किल्ल्याजवळ, जेथें त्यांना फांशीं दिलें त्या ठिकाणीं.

यांत वावगें कांहीं आहे असें प्रथमदर्शनीं वाटत नाहीं. हुतात्म्याचें स्मारक त्याच्या मरणभूमीवर असावें, अशी आपलीही समजूत असते. परंतु व्याकरण लावून पाहा. फांसाच्या खांबाखालीं कर्ता कोण? राजसत्ता. ते पांच जण तेथें कर्म आहेत. त्यांना आणलें, त्यांना चढविलें, त्यांना मारलें. ते कर्ते होते तें चौकांत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आपल्या पायांवर उभे राहिले त्या कांहीं तासांत. ज्याला स्वातंत्र्याच्या क्षणाचें स्मारक करावयाचें आहे, त्यानें बळी कोठें पडला हें विचारण्याआधीं माणूस उभा कोठें राहिला हें विचारावें.

देणाऱ्याचा पुतळा

१९ फेब्रुवारी १८६१ रोजीं दुसऱ्या अलेक्झांडरनें दास्यमुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. जमीनदारांच्या मालकीचे दोन कोटींहून अधिक स्त्रीपुरुष त्या एका कागदानें कायद्याच्या दृष्टीनें मोकळे झाले. जगाच्या इतिहासांत अशा मोठ्या घटना थोड्याच. पण या दानाला एक शेपूट होतें. शेतकऱ्यानें आपल्या वाट्याच्या जमिनीची किंमत सरकारास एकोणपन्नास वर्षें हप्त्यांनीं फेडावयाची, असें ठरलें होतें. आणि हे हप्ते १९०७ सालापासून रद्द होईपर्यंत तीन पिढ्या त्या ओझ्याखालीं वांकल्या. स्वतः अलेक्झांडर १ मार्च १८८१ रोजीं क्रांतिकारकांच्या बाँबनें मारला गेला.

त्याचें मोठें स्मारक मॉस्कोच्या क्रेमलिनमध्यें १८९८ सालीं झालें. उंच छत्रीखालीं बादशहाची मूर्ति, तिच्या तिन्ही बाजूंस कमानींची ओवरी, आणि ओवरीच्या छतांवर रशियाच्या पूर्वीच्या राज्यकर्त्यांचीं रंगीत खड्यांचीं चित्रें. म्हणजे मुक्तीच्या या स्मारकांत राजे पुष्कळ होते. मूर्ति घडविणारा शिल्पकार ओपेकुशिन हा यारोस्लाव्हल प्रांतांतील एका दासकुटुंबांत जन्मलेला होता. त्यानें दास्यमुक्तीच्या आधींच, आपल्या कमाईंतून किंमत भरून, स्वतःचें स्वातंत्र्य स्वतः विकत घेतलें होतें! दात्याची मूर्ति ज्याच्या हातांनीं घडली, त्याला तें दान मिळालेलें नव्हतें. तो स्वतःच कर्ता होता. १९११ सालीं दास्यमुक्तीस पन्नास वर्षें झालीं, तेव्हां एकाच सांच्यांतून काढलेले बादशहाचे पुतळे अनेक गांवांत बसविण्यांत आले. पुढें सात वर्षांनीं क्रांतीच्या लाटेंत क्रेमलिनमधील मूर्ति उतरविण्यांत आली. राहिलेली छत्री व ओवरी १९२८ सालीं पाडली. ओपेकुशिन १९२३ पर्यंत जगला. आपली ही मूर्ति गेलेली त्याच्या हयातींतच घडून गेलें.

याच बादशहाचा दुसरा एक पुतळा मात्र टिकला, आणि तोही परक्या झालेल्या भूमींत. फिनलंड त्या वेळीं रशियाच्या साम्राज्यांत होतें. अलेक्झांडरनें १८६३ सालीं तेथील बंद पडलेली लोकसभा पुन्हां बोलाविली होती. म्हणून हेलसिंकीच्या मुख्य चौकांत १८९४ सालीं त्याचा पुतळा बसविला गेला. शिल्पकार वाल्टर रुनेबर्ग. चौथऱ्याभोंवतीं कायदा, प्रकाश, श्रम आणि शांति यांच्या आकृति आहेत. पांच वर्षांनीं, १८९९ मध्यें, त्याचाच नातू दुसरा निकोलस यानें फिनलंडचे अधिकार कमी करणारा फतवा काढला. उघड निषेध कसा करावा? लोकांनीं युक्ति काढली. ते आजोबांच्या पुतळ्यापाशीं गेले आणि त्यांनीं तेथें फुलांचे ढीग घातले. बादशहाच्या पुतळ्यास फुलें वाहणें हा राजद्रोह कसा ठरवावा? आणि तरी त्या फुलांचा अर्थ पीटर्सबर्गपर्यंत सर्वांस कळला. १९१७ सालीं फिनलंड स्वतंत्र झालें. रशियन बादशहाचा तो पुतळा आजही तेथें उभा आहे.

एकाच राजाचे हे दोन पुतळे. एक मॉस्कोंतून नाहींसा झाला, दुसरा तुटून निघालेल्या देशानें संभाळला. कारण क्रेमलिनमध्यें लोकांनीं फक्त पाहावयाचें होतें, आणि हेलसिंकीच्या चौकांत लोकांनीं त्या पुतळ्याचा उपयोग केला. फुलें वाहिलीं त्या दिवसापासून त्या वाक्याचे कर्ते तेच झाले. मॉस्कोंत २००५ सालीं अलेक्झांडरचा नवा पुतळा उभा राहिला आहे. त्याच्या चौथऱ्यावर बादशहानें काय काय केलें याची यादी कोरलेली आहे. दास्य त्यानें रद्द केलें, कोट्यवधि शेतकरी त्यानें सोडविले, न्यायव्यवस्था त्यानें सुधारली. प्रत्येक वाक्याचा कर्ता पुन्हां एकच.

कवीच्या चौथऱ्यावरील बदललेल्या ओळी

ओपेकुशिनच्याच हातचा मॉस्कोंतील दुसरा पुतळा कवि पुश्किन याचा. तो लोकवर्गणींतून झाला आणि १८८० सालीं खुला झाला. पुश्किननें मरणापूर्वीं काहीं महिने, १८३६ सालीं, आपल्या स्मारकाविषयींच एक कविता लिहून ठेविली होती. निर्दय काळांत आपण स्वातंत्र्याचें गुणगान केलें, म्हणून लोक आपणांस आठवतील, असा तिच्यांतील एका ठिकाणचा भाव होता. त्याच्या मागें त्याचा वडीलधारा मित्र कवि झुकोव्हस्की यानें, राजाच्या तपासनिसांचें भय जाणून, तो भाग बदलला; स्वातंत्र्य काढून तेथें काव्याचें माधुर्य घातलें. चौथऱ्यावर १८८० सालीं कोरलें गेलें तें हें सौम्य केलेलें रूप. मूळ शब्द तेथें आले ते १९३७ सालीं, कवीच्या निधनाची शताब्दी झाली तेव्हां. रशियाच्या इतिहासांत त्या वर्षाची ओळख निराळी आहे. तें स्टॅलिनच्या सर्वांत मोठ्या हत्यासत्राचें वर्ष. पाषाणावर 'स्वातंत्र्य' हा शब्द शुद्ध उमटला, आणि रस्त्यांत तो उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती.

पण शब्द एकदां कोरला गेला म्हणजे तो वाट पाहूं शकतो. ५ डिसेंबर १९६५ रोजीं, म्हणजे सोव्हिएट राज्यघटनेच्या दिवशींच, थोडे लोक या पुतळ्यापाशीं जमले. गणिती एसेनिन-वोल्पिन हा त्यांचा सूत्रधार. सिन्याव्हस्की आणि डॅनियल या दोन लेखकांवरील खटला उघडपणें चालवा, आणि आपल्याच घटनेचा मान राखा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. कांहीं क्षणांतच फलक हिसकावले गेले, माणसांस धरून नेलें. परंतु पुढें वर्षानुवर्षें त्या दिवशीं कांहीं लोक तेथें येत, टोपी काढून निमूटपणें उभे राहत, आणि जात. कवीचा पुतळा स्वातंत्र्याचें स्मारक म्हणून कोणी घडविला नव्हता. लोक तेथें उभे राहूं लागले म्हणून तो तसा झाला.

क्रांतीचे घाईचे पुतळे

१९१७ च्या फेब्रुवारींत बादशाही कोसळली. रस्त्यांतील चकमकींत मेलेल्यांपैकीं सुमारें एकशें ऐंशीं जणांचें दफन २३ मार्च रोजीं पीटर्सबर्गच्या, म्हणजे तेव्हांच्या पेट्रोग्राडच्या, मार्सच्या मैदानावर झालें. पूर्वीं हें सैन्याच्या कवाइतीचें मैदान होतें. लाखों माणसें दिवसभर शिस्तीनें त्या थडग्यांवरून पुढें गेलीं. स्मारकासाठीं स्पर्धा झाली, आणि तींत तरुण वास्तुशिल्पी रुदनेव्ह याचा आराखडा निवडला गेला. त्याची कल्पना साधी होती. उंच स्तंभ नको, मूर्ति नको. थडग्यांभोंवतीं ग्रॅनाइटच्या ठेंगण्या भिंतींचा चौकोन, आणि आंत येण्यास चारी बाजूंनीं वाटा. दगडही नवे खाणींतून काढले नाहींत. नदीकांठची चरबीची एक जुनी वखार मोडली होती, तिचेच वापरले. १९१९ सालीं हें काम पुरें झालें. भिंतींच्या टोंकांवर लुनाचार्स्की यानें लिहिलेले लेख आहेत, आणि ज्यांचीं नांवें सांपडलीं नाहींत अशांचाही त्यांत आदरानें उल्लेख आहे. नव्या सत्तेनें पुढें आपल्या पक्षाचीं माणसेंही तेथें पुरलीं, हें खरें. तरी या ठेंगण्या भिंतींस कोणी पाडलें नाहीं. १९५७ सालीं मध्यभागीं अखंड ज्योत लावण्यांत आली. मॉस्कोच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीची ज्योत १९६७ सालीं येथूनच पेटवून नेली.

याच काळांतील दुसरीं स्मारकें पाहिलीं म्हणजे रुदनेव्हचें शहाणपण उठून दिसतें. १२ एप्रिल १९१८ रोजीं लेनिनच्या सरकारनें हुकूम काढला, कीं बादशहांचे व त्यांच्या सेवकांचे पुतळे उतरवून क्रांतिवीरांचे बसवावे. पैसा नव्हता, धातु नव्हता, वेळ नव्हता. दास्यपद्धतीवर १७९० सालीं पुस्तक लिहिल्याबद्दल सैबेरियांत गेलेला रादिश्चेव्ह हा खरोखर मानाचा पहिला मानकरी. त्याचा चुन्या-प्लॅस्टरचा पुतळा राजवाड्याच्या बागेचें कुंपण फोडून तेथें बसविला, सप्टेंबर १९१८ मध्यें; पुढच्या जानेवारींत तो वाऱ्यानें पडला. मॉस्कोंत फ्रेंच क्रांतीच्या रोबेस्पिएरचा पुतळा चार दिवसही पुरता टिकला नाहीं.

मॉस्कोंतील एका चौकाची कथा तर अधिकच बोलकी आहे. तेथें १९१२ पासून जनरल स्कोबेलेव्हचा अश्वारूढ पुतळा होता. तो १९१८ सालीं पाडला, त्या जागीं सोव्हिएट घटनेचा स्तंभ उभारला, आणि १९१९ सालीं त्यापुढें शिल्पकार आंद्रेयेव्ह यानें केलेली स्वातंत्र्यदेवता उभी केली. १९२४ सालीं मॉस्को शहराच्या चिन्हांतही या स्तंभास स्थान मिळालें. पण ज्या सरकारनें घटनेचीं कलमें स्तंभावर कोरलीं, त्यानेंच १९१८ च्या जानेवारींत लोकांनीं निवडलेली घटनासमिति एका दिवसांत बंद केली होती. स्तंभ झिजत गेला. १९४१ सालीं देवतेसह तो पाडण्यांत आला. देवतेचें मस्तक तेवढें त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयांत आहे. १९५४ पासून त्या जागीं राजपुत्र युरी दोल्गोरुकी घोड्यावर बसला आहे. आधीं घोडा, शेवटीं घोडा, आणि मध्यें बावीस वर्षें स्वातंत्र्यदेवता! प्लॅस्टर कच्चें होतें हें कारण आहेच. पण ज्या शब्दांत उच्चारणाऱ्याचाच विश्वास नसतो, ते शब्द ग्रॅनाइटवर कोरले तरी कच्चेच राहतात.

बेटावरून आणलेला दगड

श्वेत समुद्रांतील सोलोव्हेत्स्की बेटांवर जुना मठ आहे. १९२३ पासून तेथें सोव्हिएट काळांतील पहिल्या मोठ्या बंदिवासांपैकीं एक होता. तेथला एक ओबडधोबड दगड 'मेमोरियल' नांवाच्या संस्थेनें मॉस्कोस आणिला आणि ३० ऑक्टोबर १९९० रोजीं लुब्यान्का चौकाजवळ, गुप्त पोलिसांच्या मुख्य कचेरीच्या समोर, ठेविला. घडविणें जवळजवळ कांहींच नाहीं. मूर्ति नाहीं. दगड कोठून आला, हेंच त्याचें सारें शिल्प. त्या वेळीं चौकाच्या मध्यभागीं त्या पोलिसखात्याचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा उंच पुतळा उभा होता. दगड येऊन वर्षही झालें नाहीं तोंच, १९९१ च्या ऑगस्टांत लष्करी बंड फसल्यावर, २२ तारखेच्या रात्रीं यारीनें तो पुतळा उचलला गेला. बुटका दगड राहिला.

त्याच ऑगस्टांत, २० तारखेच्या रात्रीं, चिलखती गाड्या अडवितांना दिमित्री कोमार, इल्या क्रिचेव्हस्की आणि व्लादिमीर उसोव्ह हे तीन तरुण मारले गेले. त्यांपैकीं क्रिचेव्हस्की ज्यू होता. अंत्ययात्रेंत ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन्ही प्रार्थना झाल्या. ज्या भुयारी रस्त्यापाशीं ते पडले, तेथें त्यांचें लहानसें स्मारक आहे. येथें मरणाची जागा आणि उभें राहण्याची जागा एकच आहे, म्हणून तें स्मारक कितीही लहान असलें तरी योग्य ठिकाणीं आहे.

सोलोव्हेत्स्कीच्या दगडापाशीं २००७ पासून दर वर्षीं २९ ऑक्टोबरला 'नांवांचें परत येणें' हा विधि होऊं लागला. लोक रांगेंत उभे राहत, आणि प्रत्येकजण पाळीपाळीनें गोळी घातलेल्या कांहीं माणसांचीं नांवें वाचीत असे : नांव, वय, धंदा, मृत्युदिन. सकाळपासून रात्रीपर्यंत हें चाले. तर्पण करितांना आपण नांव व गोत्र उच्चारतों, तें कशासाठीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला या विधीचा अर्थ समजावून सांगावयास नको. 'शेवटचा पत्ता' ही २०१४ सालीं सुरू झालेली चळवळ त्याच जातीची. ज्या घरांतून माणूस पकडून नेला, त्या घराच्या भिंतीवर तळहाताएवढा पोलादी पत्रा लावावयाचा. त्यावर नांव, धंदा, अटक व मृत्यु यांच्या तारखा. आणि छायाचित्राच्या जागीं एक रिकामा चौकोन. आराखडा वास्तुशिल्पी ब्रोद्स्की याचा. एक माणूस, एक पत्रा. त्या रिकाम्या चौकोनांतून मागची भिंत दिसते, आणि माणूस नाहीं हें कोणी न सांगतां कळतें.

सरकारनेंही २०१७ सालीं मॉस्कोंत 'शोकाची भिंत' उभारली. शिल्पकार फ्रांगुल्यान यानें चेहरे नसलेल्या असंख्य आकृतींची ही भिंत घडवितांना तींत माणूस उभा राहूं शकेल अशा फटी ठेविल्या आहेत. येणाऱ्यानें त्या जागीं उभें राहून पाहावें, ही कल्पना खरोखर मोठी आहे. पण चारच वर्षांनीं, डिसेंबर २०२१ मध्यें, त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें 'मेमोरियल' संस्था बंद करण्याचा हुकूम दिला. मेलेल्यांसाठीं भिंत बांधली, आणि त्यांचीं नांवें जपणाऱ्यांस घरीं बसविलें.

आराखडा करणारानें काय ध्यानांत घ्यावें

या सर्वांतून स्मारकाची रचना करणारास कांहीं गोष्टी शिकतां येतात. पहिली स्थळाची : लोक जेथें स्वतःच्या पायांवर उभे राहिले, ती जागा निवडावी; सोय पाहून दुसरीकडे जाऊं नये. दुसरी द्रव्याची : दगडानें आपली हकीकत बरोबर आणावी, वखारीचा दगड वखारीचा राहूं द्यावा, बेटाचा दगड बेटाचा. तिसरी नांवांची : स्वातंत्र्य ही सामान्य संज्ञा असली तरी तें भोगणारे व त्यासाठीं सोसणारे सर्व विशेषनामें असतात. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती मोकळ्या जागेची. मूर्तीपेक्षां मूर्तीपुढील अंगण मोठें ठेवावें. लोकांनीं येऊन कांहीं करावें, फुलें ठेवावीं, नांवें वाचावीं, टोपी काढून उभें राहावें, यासाठीं जागा ठेविली नाहीं तर त्या स्मारकाच्या वाक्यांत लोकांना कर्तृपद मिळणारच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं मग कलेला काय उरलें? ओबडधोबड दगड आणून ठेवणें हें काम तर हमालही करील. पण कोणता दगड, कोठून, कोणासमोर आणि किती उंचीचा, हें ठरविण्यास कलावंताचीच दृष्टि लागते. रुदनेव्हनें भिंती ठेंगण्या ठेविल्या, त्यांत त्याचें सारें कसब आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक ज्यावर फुलें वाहतात, त्या दगडापासून लोकांस दूर ठेवणें सत्तेला अवघड नाहीं. मग असें स्मारक काय कामाचें? याचें उत्तर मीं तर्कानें देत नाहीं. एक घडलेली गोष्ट सांगतों.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजीं विरोधी पुढारी अलेक्सेय नवाल्नी हे ध्रुवप्रदेशाजवळच्या तुरुंगांत वारल्याची बातमी आली. सभा भरविण्यास परवानगी मिळण्यासारखी नव्हती. तेव्हां मॉस्कोंत, पीटर्सबर्गमध्यें आणि इतर अनेक शहरांत माणसें एकेकटीं फुलें घेऊन निघालीं, आणि कोणीं सांगितल्यावांचून जुन्या बंदिवानांच्या स्मारकांपाशीं, सोलोव्हेत्स्कीच्या दगडांपाशीं, पोंचलीं. पोलिसांनीं शेंकडों लोकांस पकडलें. रात्रींतून फुलें उचलून नेलीं. सकाळीं दुसरीं माणसें दुसरीं फुलें घेऊन आलीं. बर्फ पडत होतें, आणि त्या बुटक्या दगडापुढें माणसें आपली पाळी येईपर्यंत उभीं होतीं.